नंबर तीन आणि नंबर सहा

सारंगखेडा
१८ डिसेंबर २०२४

प्रिय ममता,

तुझ्या पाड्यावर फोन लागत नाही हे एका अर्थी बरंच आहे. फोनवर तू "हो", "नाही", "बघू" एवढंच बोलतेस. कागदावर मात्र वसतिगृहातली आपली जुनी ममता भेटते. हे पत्र अक्कलकुव्याच्या त्या किराणा दुकानाच्या पत्त्यावर टाकतेय, जिथे दिनेश जीप लावतो. त्याला सांग, आतलं वाचायचं नाही.

मला नोकरी लागली! पुण्याच्या एका संस्थेचं संशोधन आहे, आपल्या जिल्ह्याचं काम माझ्याकडे. घरातली पहिली पदवीधर म्हणून आईनं गल्लीभर पेढे वाटले. काम काय, ते मात्र तिला अजून सांगता येत नाही. तुला सांगते. माणसं गोल बसून बोलत असतात ना, तेव्हा प्रत्येकाच्या कमरेला एक पट्टा बांधायचा. पट्ट्यात काडेपेटीएवढा सेन्सर. माणूस कधी पुढे झुकला, कधी मागे रेलला, कधी डुलला, ते तो टिपतो. बोलणं टिपत नाही, फक्त हालचाल. मन लावून ऐकताना आपलं अंग नकळत समोरच्याबरोबर हलतं. तो झुकला की आपण झुकतो, त्यानं मान हलवली की आपली हलते. गटात कोणाचं अंग कोणाबरोबर हलतं, ते आम्ही शोधतो. मला हे फार सुंदर वाटतं, ममता. माणसं जोडलेली असतात हे आकड्यांत दिसतं!

आबांना नाही वाटत. काल घोड्यांच्या बाजारातून आले आणि पट्टे बघून म्हणाले, "पोरगी बीएस्सी शिकनी आन लोकेसन्या कमरा मोजी ऱ्हायनी." आई म्हणाली, "हाई पट्टा बांधीसन तुले कसं समजस व, कोन कोनले आवडस ते?"

पहिला प्रयोग फसला. नंदुरबारजवळच्या मिरची सुकवायच्या पथारीवर बायका देठं खुडत गप्पा मारत होत्या. पट्टे बांधले. आलेख असा आला की पुण्याच्या मॅडम खूश, "एवढी एकजूट!" मग मला कबूल करावं लागलं की वारा फिरला होता आणि आठही बायका एकदमच शिंकत होत्या.

आता मला डोंगरातला एक गट हवा आहे. तुमच्या शाळेच्या समितीची बैठक होते ना? आठ माणसांची? पट्ट्यांवर एक ते आठ आकडे आहेत. आमचा नियम असा की नावं मला कळवायची नाहीत आणि निष्कर्ष गटात सांगायचा नाही. करशील?

आणि खरं विचारायचं ते शेवटी. तुझे बाबा आणि दिनेशचे वडील अजून बोलत नाहीत का गं?

तुझी,
रंजिता

•

१२ जानेवारी २०२५

प्रिय रंजिता,

तू पाठवलेली पट्ट्यांची पेटी मागाहून परत करते, आधी हे डेटाचं कार्ड, आत आठ माणसं आणि एक बैठक. मोजून घे.

आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. नाही, बोलत नाहीत. होळीला चार वर्षं होतील. तुला भांडणाचं कारण कधी नीट सांगितलं नव्हतं, कारण सांगायची लाज वाटते. जमिनीचं नाही, पाण्याचं नाही. ठेक्याचं! वीस वर्षं आमच्या होळीत बाबा मोठा ढोल वाजवायचे आणि दिनेशचे वडील, सुरुपसिंगकाका, थाळी. पार लांबच्या गावांतून बोलावणं यायचं दोघांना. त्या वर्षी पहाटे होळी पेटली, सगळं गाव फेर धरून नाचत होतं आणि ठेका तुटला. पाचशे माणसांचे पाय अडखळले. बाबा म्हणाले थाळी चुकली, काका म्हणाले ढोल चुकला. तेव्हापासून होळीत दोन ढोल, दोन थाळ्या आणि नाचणाऱ्यांचे हाल.

दिनेशचं आणि माझं सगळ्यांना ठाऊक आहे. कोणाची ना नाही. पण सोयरीक ठरवायची तर दोघा बापांना एका अंगणात समोरासमोर बसून बोलावं लागतं, दुसऱ्या कोणी बोलून चालत नाही. बाबा म्हणतात, त्यानं चूक मान्य करावी, मी बसतो. काकाही अगदी हेच म्हणतात. आता दिनेशची आई सुंदरबाई थकली आहे. तिनं सांगून टाकलंय, होळीपर्यंत थांबते, मग धडगावकडे मुलगी बघायला जाते. दिनेश हे मला सांगताना जीपचा आरसा पुसत होता. एकच आरसा, किती तरी वेळ.

असो. बैठक चांगली झाली. पाण्याची टाकी शाळेच्या पुढे बसवायची की मागे, एवढाच विषय, पण दीड तास पुरला. बाबा आणि काका दोघंही समितीत आहेत. एकमेकांशी बोलत नाहीत, माझ्यामार्फत बोलतात. मी शाळेत शिकवते म्हणून बाबा मला बैठकीत "बाई" म्हणतात. "बाई, त्यांना सांगा, टाकी मागे बसवली तर पोरं चिखलात लोळतील." काका तिथेच हातभर अंतरावर. "बाई, त्यांना सांगा, पोरं पुढेही लोळतील." मी दोघांकडे बघून मान हलवते. माझ्या मानेला पट्टा बांधला असतास तर यंत्र बंद पडलं असतं.

समितीतल्या मोतीबाईनं विचारलं, पट्टा बांधल्यावर खोटं बोलता येतं का? मी म्हटलं, येतं. म्हणाली, "मग बांध."

नावं लिहीत नाही. नियम म्हणजे नियम.

ममता

•

नंदुरबार
२४ जानेवारी २०२५

प्रिय ममता,

हे मी उभ्या उभ्याच लिहितेय. आनंदानं! तुमची बैठक उघडून पाहिली आणि मॅडमना लगेच फोन केला. आतापर्यंत चौदा गट झाले, पण असं कुठेच दिसलं नव्हतं.

तुमच्यातला नंबर तीन आणि नंबर सहा. कोण आहेत ही माणसं? दीड तास दोघांची अंगं एकत्र हलली आहेत. तीन पुढे झुकला की अर्ध्या क्षणात सहा झुकतो. सहा रेलला की तीन रेलतो. मध्येमध्ये तर दोघंही एकाच चालीत हलके डुलत होते, आणि ती चाल बाकी सहांपैकी कोणाचीच नाही. सख्खे भाऊ आहेत का? की बालमित्र? ज्यांना बोलायचीही गरज पडत नाही, अशी दोन माणसं मला डोळ्यांसमोर दिसतात.

नाव विचारत नाही, पण माझा नमस्कार त्यांना नक्की सांग. आणि एक सुचतं. तुझे बाबा गोवालकाका आणि सुरुपसिंगकाका यांची समजूत घालायला या तीन आणि सहालाच का पाठवत नाहीस? मैत्री काय असते ते त्यांना बघून तरी कळेल!

तुझी,
रंजिता

•

२ फेब्रुवारी २०२५

रंजिता, अगं रंजिता,

तू काय केलंस! नाही, चूक माझी आहे. नीट सांगते.

आमच्याकडे पत्र एकट्यानं वाचत नाहीत. ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या माणसांची पत्रं यायची, तेव्हा सातवीत असल्यापासून मीच ती पाराशी बसून सगळ्यांना वाचून दाखवायचे. कोणाचंही पत्र असो, ऐकायला सगळे. आता लोक टेकडीवर चढून फोनवर बोलतात, पत्रं उरली नाहीत. त्यामुळे दिनेशनं लिफाफा आणला तसं मोतीबाईनं पारासमोरचं अंगण झाडलं आणि माणसं जमली. पट्टे बांधलेली आठही माणसं निकाल ऐकायला आली, शाळेच्या परीक्षेचा ऐकावा तसा. तुझी खाजगी पत्रं मी आधी चाळून घेते. या वेळी पहिल्या ओळीतला आनंद बघून चाळायचंच विसरले.

"नंबर तीन आणि नंबर सहा." मी मोठ्यानं वाचलं. नंबर ज्याचा त्याला पाठ होता, तो पट्ट्यावर होता ना. मीच वहीत काय लिहिलं होतं ते विसरले होते. सख्खे भाऊ का, वाचलं. बालमित्र का, वाचलं. तेव्हा लक्षात आलं की सगळे माझ्याकडे नाही, दुसरीकडेच बघतायत. तरी तोंड आपलं वाचतच होतं. "या तीन आणि सहालाच का पाठवत नाहीस..." आणि मोतीबाई फुटली. हसता हसता तिनं पदर तोंडात कोंबला.

रंजिता, तीन म्हणजे माझे बाबा. सहा म्हणजे सुरुपसिंगकाका.

बाबा उठले. म्हणाले, "बाई, त्यांना सांगा, यंत्र बिघडलंय."

काका उठले. म्हणाले, "बाई, त्यांना सांगा, हे मला मान्य आहे."

चार वर्षांत दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं! मोतीबाई तर जमिनीवर लोळायची बाकी होती. मग दोघांनीही हट्ट धरला, पुन्हा बैठक घ्या, यंत्र खोटं ठरवून दाखवतो. पेटी अजून तुला परत करायची होती आणि शाळेच्या सोलरवर पट्टे चार्ज झालेलेच होते. घेतली बैठक. विषय पुन्हा टाकी. पण या वेळी कोणाला टाकीशी घेणं नव्हतं. बाबा पुढे झुकले की काका मुद्दाम मागे. काका पुढे आले की बाबा मागे. दीड तास! बाकीचे सहा जण नुसते बघत बसले होते.

डेटा पाठवतेय. आता तरी यंत्र सुधारलं असेल, असं दोघांचंही म्हणणं आहे.

ममता

•

सारंगखेडा
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय ममता,

आधी माफी. निष्कर्ष गटात सांगायचा नाही हा नियम मीच तुला सांगितला आणि मीच पत्रात तो मोडला. दोन रात्री झोप लागली नाही. मग मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. पत्र, अंगण, मोतीबाई, सगळं. त्या म्हणाल्या, तुमच्या दोन्ही बैठका अभ्यासातून वगळाव्या लागतील. माझं सगळ्यात चांगलं काम तेच होतं. मी "हो मॅडम" म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "बरं, पण लग्न कधी आहे?"

अभ्यासातून वगळलं म्हणून बघायला बंदी नव्हती. दुसरी बैठक आम्ही दोघींनी फोनवर बोलत बोलत उघडली. ममता, पहिलीपेक्षा दुसरी जास्त जुळली आहे!

कसं ते सांगते. लाकूड कापताना दोन माणसं मोठी करवत ओढतात. एक ओढतो तेव्हा दुसरा सोडतो. दोघांच्या दिशा उलट, पण क्षण एकच. त्यांचं जमलं नाही तर करवत अडकते. तुझ्या बाबांनी आणि काकांनी दीड तास करवत ओढली आहे. एकमेकांवरून क्षणभरही लक्ष न हटवता. कोणाच्या बरोबर उलट हलायचं तर तो आता काय करणार ते आधी ओळखावं लागतं. हे अनोळखी माणसाला जमत नाही. मी आणि आईनं पट्टे बांधून करून पाहिलं, पाच मिनिटांत डोकी आपटली.

आबा बाजूलाच बसले होते. म्हणाले, "जोडीना घोडा असाच ऱ्हास. येक उजवीकडे पाहास, दुसरा डावीकडे, पन गाडी सरळ जास." आबांनी माझ्या कामाबद्दल पहिल्यांदाच काही चांगलं म्हटलं!

आणि ती पहिल्या बैठकीतली डुलण्याची चाल. ती कशाची होती ते आता मला कळलं. तुलाही कळलं असेल. हात रिकामे होते, ढोल नव्हता, थाळी नव्हती.

हे पत्र मात्र चाळून घे आणि एकटीनंच वाच.

रंजिता

•

२२ फेब्रुवारी २०२५

प्रिय रंजिता,

एकटीनं वाचलं. मग तीन दिवस विचार केला आणि बाबांना वाचून दाखवलं. नियम मोडायचा तो मोडलेलाच आहे. बैठका वगळल्या आहेत, तर ते आकडे आता तुमचे नाहीत, आमचे आहेत, असं मी ठरवलं.

बाबांनी करवतीचं दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्या दिवशी आढ्याला टांगलेला मोठा ढोल उतरवून उन्हात ठेवला. कातडं तापवायला, म्हणाले, दर वर्षीसारखं. पण दर वर्षी ते घरामागे तापवतात, या वेळी पुढच्या अंगणात ठेवला. काका बैल घेऊन वाटेनं गेले, थांबले आणि थोडा वेळ बैलाच्या पायाकडे बघत राहिले. बैलाच्या पायाला काहीही झालेलं नव्हतं.

काल बाबांनी विचारलं आणि मला सांगितलं की हे तिला लिहूनच विचार. चार वर्षांपूर्वी होळीला ठेका कोणी चुकवला, ते यंत्र सांगू शकेल का? म्हणजे एकदाचं मिटेल. हे विचारताना ते अगदी साधेपणानं बोलत होते. मला वाटतं यंत्रानं "सुरुपसिंग" म्हटलं तर ते जिंकतील, "गोवाल" म्हटलं तर सुटतील. काहीही चालेल त्यांना.

रंजिता, मी तुला काही लिहायला सांगत नाही. फक्त कळवते की सुंदरबाईनं धडगावच्या पाहुण्यांना होळीनंतरचा पाचवा दिवस दिला आहे. दिनेश जीपमध्ये आता गाणी लावत नाही.

ममता

•

सारंगखेडा
१ मार्च २०२५

प्रिय ममता, आणि गोवालकाका, तुम्हाला आदरानं नमस्कार,

हे पत्र पाराशी वाचलं तरी चालेल. म्हणून थेट तुम्हालाच लिहिते, काका.

तुमचा प्रश्न आल्यावर मी आईला सांगितला. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "सांगी दे ना व, दोन्ही चुकनात. पोरीनं लगीन हुई जाई." मी पेन उचलून बसले होते. लिहिणं सोपं होतं. तुम्ही विश्वास ठेवला असता, कारण मी शिकलेली आहे आणि माझ्याकडे यंत्र आहे. पण मग मी शिकले कशाला? घरात मी पहिली पदवी घेतली ती यंत्राच्या नावानं खोटं बोलायला नाही.

म्हणून खरं सांगते. यंत्राला ते ठाऊक नाही. त्या पहाटे तुमच्या कमरेला पट्टा नव्हता. जे मोजलं नाही त्याबद्दल यंत्र काही सांगू शकत नाही.

जे मोजलं आहे तेवढं सांगते. दोन बैठकांत कधी तुम्ही आधी हललात, कधी सुरुपसिंगकाका. अर्ध्या वेळा तुम्ही पुढे, अर्ध्या वेळा ते. कोणी कायम पुढे नाही, कोणी कायम मागे नाही. त्या पहाटे काय झालं ते फक्त दोन माणसांना माहीत आहे. कदाचित एकालाच. मी तिथे असते तर त्यांनाच विचारलं असतं.

ममता, मला तुझ्यासाठी दुसरं काही करता आलं नाही गं. रागावू नकोस.

तुझी,
रंजिता

•

१७ मार्च २०२५

रंजितापोरी,

मी गोवाल सांगतो आणि ममता लिहिते. तिला सांगितलंय, एक शब्द बदलायचा नाही.

तुझं पत्र होळीच्या चार दिवस आधी आलं. पाराशीच वाचलं. सगळे होते, सुरुपसिंगही होता. तू लिहिलंस ना, कदाचित एकालाच माहीत आहे, ते ऐकून मला वाटलं पोरगी इतक्या लांबून कशी बघते? माणसांसमोर बोलायचं ते होळीसमोरच बोलावं असं ठरवलं.

पहाटे होळी पेटली. मी ढोल गळ्यात घातला आणि वाजवला नाही. लोक थांबले. पलीकडून त्यांचा ढोल चालू होता, तोही थांबला. मग मी सुरुपसिंगकडे चालत गेलो. बाईमार्फत नाही, सरळ त्याला म्हणालो, त्या वर्षी ठेका मी चुकवला होता.

कसा चुकला ते कोणाला सांगितलं नव्हतं. तुला सांगतो. वीस वर्षांत माझा हात कधी चुकला नाही, कारण वाजवताना मी नाचणाऱ्यांचे पाय बघतो. त्या पहाटे फेरात दोन पोरं अशी नाचत होती की दोघांचं पाऊल एकच. हात धरले नव्हते, मधे दोन माणसं होती, तरी पाऊल एकच. मी वर बघितलं. एक माझी ममता आणि एक सुरुपसिंगचा दिनेश. माझी ममता तर अजून कॉलेजात शिकत होती. मला वाटलं, गेली माझी पोरगी. आणि हात हवेतच राहिला.

(रंजिता, इथे माझं लिहिणं थांबलं. बाबा म्हणाले, "बाई, लिहा." — म.)

ते मला सांगता येत नव्हतं. म्हणून म्हटलं थाळी चुकली. एकदा म्हटलं, मग तेच म्हणत राहिलो.

सुरुपसिंगनं सगळं ऐकलं. मला वाटलं आता सगळ्या गावासमोर बोलेल. तो म्हणाला, "मला माहीत होतं. तू वर बघितलंस तेव्हा मी पण वर बघितलं. माझीही थाळी राहिली. तू बोलशील म्हणून चार वर्षं वाट बघितली." मोतीबाई मागून ओरडली, "अरे, होळी विझतेय, वाजवा आता!" वाजवलं. उजाडून ऊन वर आलं तरी वाजवत होतो. बोटं सुजली आहेत, म्हणून ममता लिहिते.

काल सुरुपसिंग आणि सुंदरबाई आमच्या अंगणात बसले. समोरासमोर. सोयरीक ठरली. धडगावच्या पाहुण्यांना दिनेश स्वतः जीपनं जाऊन सांगून आला, येताना इतकी गाणी लावली होती की जीप दिसायच्या आधी ऐकू आली. टाकी शाळेच्या मागेच बसवायची, तेही ठरलं. सुरुपसिंगचंच खरं करावं म्हटलं.

लग्न वैशाखात आहे. तुझ्या आईला आण, आबांना आण, त्या पुण्याच्या मॅडमनाही आण. ढोल मीच वाजवणार आणि थाळी तोच. पट्टे मात्र आणू नको. त्या दिवशीही मी वर बघणार आहे आणि हात पुन्हा चुकणार आहे. सुरुपसिंगला सांगून ठेवलंय, तेवढं सांभाळून घे. तो म्हणतो, मी पण वर बघणार.

गोवाल, नंबर तीन
सुरुपसिंग, नंबर सहा (अंगठा)